समुद्रापलीकडचे सवंगडी

इंग्रजीच्या तासाला मुलगा वहीत निबंध लिहितो. विषय असतो ‘माझा आवडता मित्र’. हा निबंध त्याने कुणासाठी लिहिला? गुरुजींसाठी. गुरुजींना त्यातून नवे काय कळणार? काहीच नाही. तो आवडता मित्र तिसऱ्या बाकावर बसलेला असतो, त्याचे घर कोणते, मळा कुठे, हे गुरुजींना त्या लिहिणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. म्हणजे लिहिणाऱ्याला काही सांगायचे नाही आणि वाचणाऱ्याला काही ऐकायचे नाही. मधे उरतात त्या फक्त चुका, आणि त्या लाल शाईने मोजायच्या! शिक्षक बंधुभगिनींनो, हे मी आपणांस हिणवण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः कॉलेजात गेली कित्येक वर्षे याहून वेगळे काही करीत नाही.

अलीकडे पुष्कळ शाळांतून एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. वर्गात संगणकाचा पडदा लावायचा, परदेशातली एखादी शाळा त्यावर आणायची, आणि दोन्हीकडच्या मुलांनी इंग्रजीतून एकमेकांशी बोलायचे. गावात कौतुक होते, पेपरात फोटो येतो. आता मौज अशी की, ही गोष्ट नवी आहे असे आपण समजतो, पण तिचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. तिचा जन्म इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तराच्या डोक्यात झाला, आणि तोही इंग्लंडात नव्हे, फ्रान्समध्ये.

त्या काळी युरोपात परकी भाषा कशी शिकवीत, ते आधी थोडे पाहू. व्याकरणाचे नियम पाठ करायचे, शब्दांच्या यादी घोकायच्या, आणि तुटक वाक्यांचे भाषांतर करायचे. सात-सात वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा इंग्रज माणूस समोर आला की मुका! १८८२ साली विल्हेल्म फिएटोर या जर्मन विद्वानाने एक लहानसे पुस्तक काढून या पद्धतीवर कोरडे ओढले. भाषाशिक्षणाने आता उलट फिरले पाहिजे, असा त्याच्या पुस्तकाचा मथळाच होता. पुस्तकावर त्याने स्वतःचे नाव घातले नाही, टोपणनाव घातले. मास्तरमंडळींचा राग तेव्हाही कडकच असावा. भाषा ही आधी बोलायची वस्तू आहे, असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ तिथून वाढू लागला.

दुसरी घडामोड टपालातली. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे निरनिराळ्या देशांनी एकत्र येऊन टपालसंघ स्थापन केला. एका देशातले पत्र दुसऱ्या देशात ठरलेल्या स्वस्त दराने जाऊ लागले. दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, आपला हिंदुस्थानही त्यात सामील झाला. तोवर परदेशी पत्र म्हणजे व्यापाऱ्यांचे किंवा सरकारी काम. आता ते शाळकरी पोराच्या खिशाला परवडण्याजोगे झाले.

ही दोन सूत्रे जुळवली पॉल मिएल यांनी. हे गृहस्थ दक्षिण फ्रान्समध्ये इंग्रजी शिकवीत. १८९७ च्या सुमारास त्यांनी शिक्षकांच्या एका नियतकालिकातून सूचना केली, की इंग्रजी शिकणारी आमची मुले आणि फ्रेंच शिकणारी इंग्रजांची मुले यांनी एकमेकांना पत्रे का लिहू नयेत? लंडनचे गाजलेले संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी ही कल्पना उचलून धरली आणि आपल्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’ मासिकातून इंग्लंडच्या बाजूची जोडणी सुरू केली. हेच स्टेडसाहेब पुढे १९१२ साली टायटॅनिक बोटीबरोबर बुडाले. जर्मनीत लाइपझिगच्या मार्टिन हार्टमान यांनी तसेच काम अंगावर घेतले. मुलांची नावे, वये आणि आवडी पाहून एकेकाची जोडी लावायची, हा या मंडळींचा उद्योग. लग्ने जुळवणाऱ्या आपल्या मध्यस्थांना हे काम किती किचकट असते ते सांगायला नको.

या पत्रव्यवहारात एक साधी वहिवाट होती, आणि माझ्या मते सगळ्या कल्पनेचा प्राण तिच्यात होता. एक पत्र स्वतःच्या भाषेत, एक दुसऱ्याच्या भाषेत. फ्रेंच मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचे आणि इंग्रज मुलाने ते दुरुस्त करून परत पाठवायचे. पुढच्या खेपेस पाळी उलटी. इंग्रज मुलाने फ्रेंचची चिरफाड करायची आणि फ्रेंच मुलाने ती शिवायची. म्हणजे कोणी कायमचा गुरू नाही आणि कोणी कायमचा चेला नाही. आज ज्याने तुझी चूक काढली, उद्या त्याची चूक तू काढणार. लाल शाई दोघांच्याही हातात! आणि पत्र वाचणारा खराखुरा अजाण असे. तुमच्या गावात नदी आहे की नाही, जेवायला काय असते, शाळेला सुटी कधी लागते, हे त्याला ठाऊक नसे. म्हणून तो विचारी, आणि विचारले म्हणून इकडच्याला सांगावेसे वाटे.

यातला फ्रान्स-जर्मनीचा धागा जरा हातात धरून पाहा. १८७० च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सला हरवले होते, अल्सेस आणि लोरेनचा मुलूख घेतला होता. त्या गोष्टीला तीस वर्षेही झाली नव्हती. दोन्ही देशांच्या शाळांतून सूडाचे आणि विजयाचे धडे चालू होते. आणि त्याच शाळांतली मुले एकमेकांना पत्रे लिहीत होती. पुढे काय झाले ते आपण जाणतो. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि पत्रे थांबली. हिशेब करून पाहा. १९०० साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा १९१४ मध्ये एकोणतीस वर्षांचा, म्हणजे ऐन फौजेत भरती होण्याच्या वयाचा. ज्याच्या क्रियापदांच्या चुका आपण सुधारल्या, तो समोरच्या खंदकात असण्याचा संभव होता. पत्रांनी युद्ध टळत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पुष्कळ उत्साही मंडळी ते करीत नाहीत.

त्याच महायुद्धात सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक तरुण फ्रेंच शिपाई फुप्फुसात जखमी झाला. युद्धानंतर १९२० साली तो बार-स्यूर-लू या डोंगराळ गावात शाळामास्तर झाला. छाती अधू, श्वास अपुरा. तासन्‌तास मोठ्याने बोलणे जमेना. व्याख्यान देता येईना म्हणून त्याने मुलांनाच बोलते केले. एक लहान छापखाना वर्गात आणला. मुले गावात फिरत, पाहिलेले लिहीत, खिळे जुळवून छापीत. पण छापलेले वाचणार कोण? १९२६ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांताच्या समुद्रकाठी, रने दानिएल नावाच्या शिक्षकाची शाळा त्याला जोडीदार मिळाली. एका गावच्या मुलांचे छापील कागद दुसऱ्या गावी जाऊ लागले. डोंगरातली मुले समुद्रकाठच्या गावाची हकीकत वाचू लागली, आणि समुद्रकाठची मुले डोंगरातली.

तुम्ही म्हणाल, यात परकी भाषा कुठे आहे? नाही, हे सगळे फ्रेंचमधूनच चालले होते. पण फ्रेनेने एक गोष्ट बदलली, ती पुढे फार उपयोगी पडली. मिएलची जोडी एका मुलाची एका मुलाशी होती; एकाने पत्र टाकायचा आळस केला की दोरी तुटली. फ्रेनेने वर्गाची वर्गाशी आणि मास्तराची मास्तराशी गाठ बांधली. दोन शिक्षकांचे आधी जुळले, की मुलांचे आपोआप जुळते. आणि मुलाने लिहायचे काय, तर आपल्या घरचे, शेतातले, गावातले. त्याच्यापाशी जे आहे तेच समोरच्यापाशी नाही, म्हणून ते मोलाचे.

आता साठ वर्षे ओलांडून एकदम १९८५ सालात येऊ. संगणक शाळेत नुकते शिरले होते, आणि टेलिफोनच्या तारेवरून एका यंत्रातले लिखाण दुसऱ्या यंत्रात जाऊ लागले होते. अमेरिकेत डेनिस सेयर्स, क्रिस्टिन ब्राउन आणि एनिड फिगरोआ या तिघा शिक्षकांनी ‘दे ओरिया आ ओरिया’ नावाचा उपक्रम काढला. हे स्पॅनिश शब्द. अर्थ, ‘तीरावरून तीराकडे’. फ्रेनेचीच रीत त्यांनी उचलली. पोर्तो रिको बेटावरच्या शाळा आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या शाळा यांच्या जोड्या लावल्या. संगणकावरून पत्रे जात, आणि टपालाने खोकी जात. खोक्यात चित्रे, फोटो, आवाजाच्या फिती, गावातल्या चीजवस्तू.

इथे एक सुंदर गोष्ट घडली. अमेरिकेतल्या शाळांत स्थलांतरितांची मुले असत. घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. इंग्रजी कच्चे म्हणून ती मागच्या बाकावर. घरची भाषा म्हणजे लपवायची गोष्ट. पण पोर्तो रिकोहून स्पॅनिशमध्ये पत्र आले की ते वाचणार कोण? आता त्याच मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे बोलवावे लागे. तो वाचून दाखवी, अर्थ सांगी, आणि उत्तर लिहिताना इंग्रजी बोलणारी मुले त्याच्याभोवती गोळा होत. त्याची घरची भाषा वर्गाच्या कामाची झाली. आणि असे झाले की त्याचे इंग्रजीही सुटे होते. आपली भाषा लाजेची नाही हे कळलेला मुलगा परकी भाषा बिनधास्त बोलतो. मी हे आपल्याकडेही पाहिले आहे. ज्या घरात मराठी भरभरून बोलली जाते त्या घरातली मुले इंग्रजीत मागे पडतात, हा आपला निव्वळ गैरसमज आहे.

याच उपक्रमात म्हणींचा एक प्रकल्प झाला. मुलांनी आईबापांकडून, आजीआजोबांकडून म्हणी गोळा केल्या आणि दूरच्या वर्गांना पाठवल्या. कोणती म्हण कुठे कशी बदलते ते ताडून पाहिले. एवढेच नव्हे, तर कोणती म्हण आपल्याला पटत नाही, यावरही मुलांनी लिहिले. शिक्षकहो, असा प्रकल्प आपल्या शाळेत करायला संगणकसुद्धा लागत नाही. बायकांवर, जातींवर बोचऱ्या म्हणी आपल्याकडे काय थोड्या आहेत?

तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, याहून धाडसी प्रयोग झाला. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांचे शीतयुद्ध तेव्हा चालू होते, दोघांची अण्वस्त्रे एकमेकांवर रोखलेली. त्या वेळी पीटर कोपन या अमेरिकन गृहस्थाच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्यातल्या बारा शाळा आणि मॉस्कोतल्या बारा शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. मुलांनी एकत्र काम करायचे ते इंग्रजी आणि रशियन या दोन्ही भाषांतून. पाहिलेत? नव्वद वर्षांपूर्वीच्या मिएलमास्तरांची वहिवाटच पुन्हा वर आली. कोपन यांचा मुद्दा असा होता, की नुसत्या ‘तू कसा आहेस, मी बरा आहे’ अशा गप्पांनी काही साधत नाही; दोन्ही वर्गांना मिळून करण्याजोगे एखादे काम पाहिजे. या प्रयोगातून ‘आयअर्न’ नावाची संस्था वाढली. १९९४ साली अर्जेंटिनातील पुएर्तो माद्रिन येथे अनेक देशांच्या शिक्षकांनी जमून तिला आंतरराष्ट्रीय रूप दिले. पुढे तिचा पसारा शंभराहून अधिक देशांत गेला. युरोपातल्या देशांनी २००५ पासून आपल्या शाळांसाठी ‘ई-ट्विनिंग’ या नावाने अशीच सोय केली.

मधे एका विद्यापीठातली गोष्ट सांगतो, कारण ती शाळेलाही लागू पडते. अमेरिकेच्या एमआयटीमध्ये १९९७ साली जिल्बेर्त फ्युर्स्तँबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना एकच शब्द दिला, दोघांनी आपापल्या भाषेत त्यावर मनात येईल ते लिहायचे. शब्द ‘व्यक्तिवाद’. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये हा शब्द जवळजवळ एकच आहे, कोशातला अर्थही एकच. पण अमेरिकन मुलांनी पुढे लिहिले ‘स्वातंत्र्य’, आणि फ्रेंच मुलांनी लिहिले ‘स्वार्थ’! शब्द समजला म्हणजे माणूस समजला असे नाही. ‘शेजारी’ किंवा ‘पाहुणा’ हा शब्द आपल्या सातवीच्या मुलांना द्या आणि इंग्लंडातल्या सातवीच्या मुलांना द्या. काय काय बाहेर येते ते पाहण्याजोगे होईल. दुष्काळी भागातले मूल ‘पाऊस’ या शब्दापुढे काय लिहील, आणि इंग्लंडातले काय लिहील?

आता आपल्या अंगणात येऊ. २००९ साली न्यूकासल विद्यापीठातले प्राध्यापक सुगत मित्र यांनी इंग्लंडातल्या वृत्तपत्रातून आजीबाईंना हाक दिली, की आठवड्यातून तासभर वेळ काढा आणि संगणकावरून भारतातल्या मुलांशी बोला. शिकवायचे नाही बरं का! गोष्ट सांगायची, विचारपूस करायची, ‘वा, हे तुला कसे आले?’ असे आजीसारखे कौतुक करायचे. माणसे पुढे आली. त्यांत सगळ्याच आज्या नव्हत्या, पण नाव पडले ते ‘ग्रॅनी क्लाउड’. २०१३ साली मित्र यांना टेड पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले, आणि त्यातून सात केंद्रे उभी राहिली. दोन इंग्लंडात, पाच भारतात. त्या पाचांपैकी एक आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत होते.

ही संस्था ज्यांनी उभी केली त्या डॉ. मॅक्सिन बर्नसन जन्माने अमेरिकन. साठच्या दशकात त्या फलटणला आल्या, मराठी शिकल्या, पुढे भारताच्या नागरिक झाल्या, आणि जय निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी लोकांना मराठी शिकवणारी पुस्तके लिहिली. आपल्या मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे, याचा त्यांच्याइतका विचार आपल्यापैकी थोड्यांनी केला असेल. पडद्यावरच्या परदेशी आजीच्या आधी फलटणच्या मुलांना मराठी बोलणाऱ्या बाई भेटलेल्या होत्या, हा योग मला फार अर्थाचा वाटतो.

आणि सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी कुणाला ठाऊक नाहीत? २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरांतली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा सीमा ओलांडण्याचा प्रकल्प. भारत आणि पाकिस्तान, इस्राएल आणि पॅलेस्टाईन, इराक आणि इराण, अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतली मुले त्यांनी संगणकावर समोरासमोर आणली. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर हे करतो! १८९७ च्या फ्रेंच-जर्मन जोड्या मला इथे आठवल्यावाचून राहत नाहीत. आणि १९१४ ही आठवते.

इतके सांगून झाल्यावर मनातली शंकाही सांगितली पाहिजे. आपल्याकडे जे चालते त्यात पुष्कळदा एक बाजू देणारी आणि एक घेणारी असते. पलीकडचा इंग्रजी देतो, अलीकडचा इंग्रजी घेतो. पलीकडच्याने आपल्याकडून काय घेतले? नमस्ते आणि एक नाच. मिएलच्या वहिवाटीतला अर्धा भाग आपण गाळून टाकला आहे, आणि तो अर्धा भाग आपल्या बाजूचा होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक आहे. त्याच्या आग्रहावरून मी बुधवारी दुपारी साडेचारला त्याच्या वर्गात जाऊन बसलो. हिवाळ्याचे दिवस, इंग्लंडात तेव्हा सकाळचे अकरा. पडद्यावर एक वृद्ध बाई दिसू लागल्या. मुलांच्या हातात प्रश्नांचे छापील कागद होते. एकेकाने उठायचे, ‘हाऊ आर यू?’ विचारायचे आणि बसायचे. बाईंनी सतरा वेळा ‘मी बरी आहे’ असे हसून सांगितले. अठराव्याला रेंज गेली.

रेंज परत आली तेव्हा शाळेमागच्या गोठ्यात कडबाकुट्टी सुरू झाली होती. बाईंनी कानाला हात लावून विचारले, हा आवाज कसला? कागदात हा प्रश्न नव्हता. वर्ग गप्प. माझा विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागला. कडबाकुट्टीला इंग्रजीत काय म्हणतात ते मलाही तत्क्षणी सुचेना, आणि मी एम. ए. झालेला माणूस! तेवढ्यात एक मुलगी उठून बाहेर पळाली. परत आली ती कडब्याची पेंढी घेऊन. तिने ती पडद्यासमोर धरली आणि म्हणाली, ‘काऊ ईट. मशीन कट. माय फादर मशीन.’ बाईंनी विचारले, हे कसले पीक? मुलगी म्हणाली, ‘ज्वारी. वुई ईट अप. काऊ ईट डाऊन.’ म्हणजे कणीस आमचे, ताट गाईचे. बाई पुढे झुकल्या आणि विचारीतच सुटल्या. ताट किती उंच वाढते, किती दिवस पुरते, पाऊस पडला नाही तर गाय काय खाते? आता सगळाच वर्ग उठून उभा होता. कागद बाकाखाली गेले होते. व्याकरणाच्या चुका मोजल्या असत्या तर पानभर झाल्या असत्या, पण मोजणारे कुणी नव्हते.

जाताना मी त्या मुलीला म्हटले, ‘छान बोललीस.’ ती म्हणाली, ‘सर, त्या आजींना कडबा माहीतच नव्हता!’

पुढच्या बुधवारी मी मुद्दाम परत गेलो. पडदा लागताच बाईंनी पहिला शब्द उच्चारला तो ‘कड्डाबा’. मुलगी जागेवरूनच म्हणाली, ‘नो आजी. कडबा.’ बाईंनी पुन्हा म्हणून पाहिले. मुलीने मान हलवली. तिसऱ्या खेपेस बरोबर आले.